बाबांच्या डब्यातली ग्रिप

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. त्या वर्षी शेठजी कॉलेजात वन्यजीव सप्ताहाचे प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि आभार मी मानले. मनापासून मानले. दोन वर्षं माझी फी त्यांनीच भरली होती, कारण बाबा त्यांच्या फार्महाउसवर पंप चालवायचे.

फार्महाउस शहराबाहेर, नानाखेड्याच्या पुढे, इंदूर रस्त्यावरून आत. सोयाबीन तेलाच्या धंद्यात बरकत आली तशी शेठजींनी तिथे जमीन घेतली, तळं खोदलं, फाटकावर पाटी लावली: 'यहाँ वन्यजीव हमारे मेहमान हैं।' तितर पकडला म्हणून शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी स्वतः वनखात्याच्या ताब्यात दिलं होतं. भाषणात ते सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

त्याच जमिनीच्या कुंपणाला एक उघडी तार होती. रोजडे, म्हणजे नीलगायी, आणि काळवीट पिकात घुसू नयेत म्हणून संध्याकाळी तिच्यात करंट सोडायचा, हे काम बाबांचं. मला ते ठाऊक होतं. आभार मानताना आठवलं नाही, एवढंच.

एका सकाळी शेठजींचे मुनीमजी स्कूटरवरून घरी आले आणि मला मागे बसवून घेऊन गेले. तारेजवळ काळवीट मरून पडलं होतं. कुणीतरी वनखात्याला कळवलं होतं, त्यांची माणसं निघाली होती. आदल्या दिवशी शेठजींकडे पाहुणे होते, ते पहाटेच गेले म्हणे. बाबा पंपघराच्या पायरीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"भैया, तुम्हारी लिखावट मोती जैसी है," मुनीमजींनी कागद पुढे केला. "पिताजी का बयान लिख दो। तार में करंट उन्होंने अपनी मर्ज़ी से छोड़ा, सेठजी को पता ही नहीं था।"

"पर बाबूजी को जेल हो जाएगी।"

"सेठजी सँभाल लेंगे। फीस किसने भरी थी, भूल गए?"

मी वर 'बयान' लिहिलं. खाली बाबांचं नाव लिहिलं. आणि हात पुढे चालेना. वन्यजीवांच्या कायद्यात काळवीट मारल्याची काय शिक्षा आहे हे मी आभाराच्या भाषणातच सांगितलं होतं.

"लिहू नकोस," बाबा म्हणाले. "खोटं आहे."

"खोटं कसं, बाबा? करंट तर तुम्हीच सोडता."

"मी बटण दाबतो."

त्यांनी डबा उघडला. वरच्या खणात पोळ्या होत्या. खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली, फ्यूजची पांढरी चिनी मातीची ग्रिप. ती बसवल्याशिवाय तारेत वीज जाणं शक्यच नव्हतं.

"पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी काढून घरी नेतो, सकाळी आणून परत बसवतो. बोर्डावरचा लाल दिवा लागतो, मुनीमजी खूश. अरे, सकाळी उजाडायच्या आत गावातल्या बाया त्या बाजूनं लाकडं वेचायला येतात. तारेला काय कळतंय, बाई आहे का रोजडा?"

"इतने साल सेठजी को उल्लू बनाया?" मुनीमजी ओरडले.

"तो फिर हिरन मरा कैसे?" मी विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

तेवढ्यात वनखात्याची जीप आली आणि 'करंट लगा है साहब' म्हणत मुनीमजी तिकडे धावले. एका गार्डनं काळविटाला उलटं केलं. खांद्यामागे लहान लहान भोकं होती. त्यानं ती बोटानं चाचपली, मग बाबांच्या हातातल्या ग्रिपकडे पाहिलं.

"मुनीमजी, करंट से बंदूक के छर्रे नहीं निकलते।"

एवढं ऐकून मी बयानाचा कागद घडी करून खिशात घातला. मी बाबांशेजारी पायरीवर बसलो.

पाहुण्यांना कुणी काही विचारलं नाही. गुन्हा अज्ञात माणसावर नोंदला गेला. पाटी फाटकावर तशीच राहिली आणि बाबांची नोकरी त्याच दुपारी गेली. पुढे माधव नगरात मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात त्यांना काम मिळालं. शेठजींनी माझी फी भरली होती हे मी आजही नाकारत नाही. पण पुन्हा कुणाचे आभार मानायची वेळ आली की मी आधी थोडा थांबतो.

त्या दिवशी आम्ही दोघं चालतच घरी आलो. मोकळा डबा बाबांच्या हातात, अर्धवट बयान माझ्या खिशात. आईनं नेहमीप्रमाणे डबा घासायला घेतला, खालचा खण पाहिला आणि दचकली.

"अहो, आज ती कुठंय?"

"पंचनाम्यात जमा झाली."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "आता त्या खणात भाजी देता येईल."

बाबा हसले. मग मीही हसलो, आणि किती तरी वेळ हसतच राहिलो.