फोटोंच्या फोल्डरची परवानगी

आमच्या समाजाच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका दरवर्षी छापून घरोघर जायची. नाव, शिक्षण, पगार, फोटो, फोन, सगळं तिच्यात. कोसाडच्या आमच्या कॉलनीत बाया दुपारच्या चहाला ती उघडायच्या आणि पेनाने खुणा करत बसायच्या. कुणाचा मुलगा खरोखर सुपरवायझर आहे आणि कुणाचा नुसता म्हणवतो, हेही त्यांना पाठ. यंदा अध्यक्ष काकांनी ठरवलं, पुस्तिका बंद, वेबसाइट करायची. समाजात सर्व्हरशी झटापट करणारी पोरगी एकच, ती मी. काकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले.

फॉर्म येऊ लागले तशी एका दुपारी शेजारची वहिनी आली आणि आत येताच तिने दार लोटून घेतलं. तिचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात ती आणि सासू दोघीच. दोघी दिवसभर साड्यांना खडे चिकटवायच्या. एकीने गम लावायचा, दुसरीने खडा ठेवायचा. वहिनीला पुनर्विवाहाचा फॉर्म भरायचा होता.

“ताई, हाई कोणकोणले दिसी?” तिने विचारलं.

पुनर्विवाहाचे फॉर्म समितीतल्या दोन बायकांखेरीज कुणालाच दिसणार नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

“मनी सासूले मालूम पडाले नको. ती एकली पडी ना,” ती म्हणाली. “काही जमनं ते मीच सांगसू.”

सासूला दुसरं कोणीच नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. मी मान हलवली.

आमचा सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेलं एक लिनक्सचं मशीन. ते कुठल्या गावात आहे हे मी अजून पाहिलेलं नाही. जँगो या वेबसाइट बांधायच्या साधनात लिहिलेलं माझं ॲप लॅपटॉपवर सुतासारखं सरळ चालायचं. सर्व्हरवर चढवलं आणि फोटो दिसेनात. प्रत्येक फोटोच्या जागी एकच उत्तर, परवानगी नाही. लिनक्स तसा कडक सोवळ्याचा. कुठली फाइल कुणाची, कुणी वाचायची, कुणी हात लावायचा नाही, हे तो पक्कं ठरवून ठेवतो. माझं ॲप फोटो ठेवत होतं आणि लोकांना ते दाखवणाऱ्या वेब सर्व्हरला त्या फोल्डरमध्ये पाऊल टाकायची मुभा नव्हती. शांत डोक्याने त्याला तेवढीच मुभा दिली असती तर काम झालं असतं. पण शांत डोकं आणायचं कुठून? दोन दिवस तेच उत्तर वाचून मी इतकी वैतागले की “घ्या मेल्यांनो” म्हणत फोल्डर सगळ्यांना खुलं करून टाकलं. शिवाय फोटो सर्व्हरवर पोचतात का ते बघायला आतल्या फाइलींची यादीही उघडी केली. फोटो दिसले. मी खुशीत चहा टाकला आणि यादी बंद करायची साफ विसरले.

मेळावा कडोदऱ्याच्या एका हॉलमध्ये होता. उद्घाटनाला अर्धा तास असताना मी सहज फोनवर त्या फोल्डरचा पत्ता टाकून पाहिला. लॉगिन न करताच यादी उघडली. फाइलींची नावं माझ्याच ॲपने ठेवलेली, नाव, आडनाव, पुढे विभाग. वहिनीचं नाव होतं आणि पुढे पुनर्विवाह. वहिनी तिसऱ्या रांगेत सासूशेजारी बसली होती.

मी तिथल्या तिथे साइट बंद केली.

“अगं पोरी, पाहुणे येऊन बसलेत!” अध्यक्ष काका म्हणाले.

“बसू देत. दुरुस्त झाल्याशिवाय चालू करणार नाही.”

“पुस्तिकेत सगळं छापूनच यायचं ना? मग आता लपवायचंय काय?”

“तुम्हाला नसेल काही लपवायचं. कुणाला असतं.”

वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायला नको होतं, पण बोलले. काकांनी माइकवर तांत्रिक अडचण जाहीर केली आणि बोलताना सगळा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

स्वयंपाकाच्या खोलीमागे खुर्ची टाकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसले. आत बट्ट्या तळल्या जात होत्या. यादी बंद केली, सगळ्यांना दिलेली मुभा काढून घेतली, फाइलींच्या नावांच्या जागी नुसते आकडे घातले. आधी ॲपने माणूस ओळखायचा आणि मगच फोटो द्यायचा, असं केलं. मग भीतभीत लॉग उघडला. कोण आलं, काय पाहिलं, याची नोंद सर्व्हर त्यात ठेवतो. माझ्या लॅपटॉपखेरीज यादी उघडणारा फोन एकच निघाला, तोही माझाच. मला तिथेच रडू आलं. वाढपी म्हणाला, धूर लागला असेल.

जेवणं सुरू झाली तशी साइट चालू केली आणि मी नोंदणीच्या टेबलावर बसले. आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते माणसांना बघता यावं म्हणून एक स्क्रीन त्यांच्या बाजूला ठेवली होती. गर्दी ओसरल्यावर वहिनीची सासू आली. आजूबाजूला बघून तिने पिशवीतून वहिनीचा फोटो काढला.

“मनी सूनना फॉर्म भरना शे,” ती हळूच म्हणाली. “तिले आते सांगू नको. तिले वाटी, सासू घरमाईन काढी ऱ्हायनी.”

तिने सुनेचा नंबर तोंडपाठ सांगितला आणि माझ्या बोटांनी सवयीने तो घातला. दोन्ही स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: या मोबाईल नंबरची नोंद आधीच झाली आहे. ते वाक्यही मीच लिहिलेलं.

म्हातारी चौथी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“तिनी भरी दिन्हा का?”

मी घाईघाईने तो नंबर खोडला.

तिने फोटो पदराला पुसून पिशवीत ठेवला. डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता.

“बरं व्हयनं,” ती म्हणाली. “माले मालूम शे, हाई तिले सांगू नको. ती मनी चिंता करीसन थांबी जाई.”

आणि जेवणाच्या रांगेत सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली.