व्याह्यांना दिलेला उन्हाळा

कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट नवा होता. माणूस घाईघाईत वेडेपणा करतो असं म्हणतात. मी केला तो पूर्ण विचार करून, चार लोकांचा सल्ला डावलून केला.

माझं जळगावात कूलरचं दुकान आहे. म्हणजे मी वारा विकतो म्हणा ना. मार्चपासून लोक घामाघूम होऊन दुकानात शिरतात, चालू कूलरपुढे उभे राहतात, डोळे मिटतात आणि भाव न विचारता निघून जातात. मी कुणाला काही म्हणत नाही. जळगावचा मे महिना ज्याने काढला, त्याला मी सगळं माफ करतो.

तर आमची पल्लवी लग्नानंतर स्कॉटलंडला गेली. तेही अगदी वरच्या टोकाला, समुद्राच्या काठी. चार वर्षं लेकीला मी मोबाइलमध्येच बघत होतो. एक दिवस जावईबापूंचा फोन आला.

"बाबा, या वर्षी तुम्ही सगळे या. पण घर लहान आहे, जास्तीची खोली एकच. एक जोडी उन्हाळ्यात येऊ दे, एक हिवाळ्यात. तुम्ही आणि आमचे आबा मिळून ठरवा."

आबा म्हणजे माझे व्याही. सोनगीरला शेती, पांढरी टोपी, बोलणं अहिराणी आणि मन लोण्यासारखं. पण शेवटी मुलाकडचे. मान त्यांचा. आणि इथेच माझ्या मनात पाप आलं.

कारण चांगला ऋतू कोणता, हे मला विचारायची गरज होती का? हिवाळा. आपल्याकडे हिवाळा म्हणजे शेतात भरताची पार्टी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, दुपारीसुद्धा उन्हात बसायची हौस. उन्हाळा म्हणजे शिक्षा. बरं, थंडी वाजली तर माणूस एकावर एक स्वेटर चढवू शकतो. उन्हाळ्यात काय कातडी काढून खुंटीला लावणार?

पल्लवी म्हणाली, "बाबा, इथला उन्हाळा अगदी थोडासाच असतो हो."

मला वाटलं, पोरगी धीर देतेय. म्हटलं, "थोडा असो नाहीतर जास्त, उन्हाळा तो उन्हाळा."

"आणि हिवाळ्यात वारा फार असतो."

आता कूलरवाल्याला वाऱ्याची भीती घालता होय? मी म्हटलं, "बेटा, वाऱ्यासाठी आम्ही गच्चीवर गाद्या टाकतो. फुकट मिळतोय तर बंद कशाला करायचा?"

मालती, म्हणजे आमची मंडळी, मात्र कपाळाला हात लावून बसली. "अहो, मुलाकडचे लोक ते. चांगला ऋतू त्यांना द्यायचा, उरलेला आपण घ्यायचा. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "चार वर्षांनी लेक भेटणार. पुन्हा कधी जमेल कोण जाणे. तिच्यासोबत संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचं, समुद्र बघायचा. ते घामात नाही करायचं मला." आणि ती काही बोलायच्या आत आबांना फोन लावला.

"आबा, आम्ही हिवाळ्यात जावं म्हणतो. तुम्हाला उन्हाळा चालेल का?"

आबांचा आवाज एकदम खाली आला. मला वाटलं, माणूस दुखावला.

"भाऊ," आबा हळूच म्हणाले, "उन्हाळा आमले? पक्कं ना?"

"पक्कं."

"तुम्हले जड जाई."

बघा, उन्हाळा गळ्यात पडतोय आणि काळजी माझी करतायत. फोन ठेवला आणि माझं मन मला खायला लागलं. दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी दुकानातला टेबलावर ठेवायचा छोटा कूलर खोक्यात भरला, सोबत ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला कांदे घेतले आणि गाडी काढून थेट सोनगीर गाठलं.

"आबा, हे तिकडे न्या. माझ्याकडून."

आबांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. व्याह्याने दिलेली भेट परत करायची सोय आपल्याकडे नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कूलर घेतला, डोक्याला लावला आणि विमानात नेला. कांदे बहुतेक विहीणबाईंनी भाजीत घातले.

जूनमध्ये आबांचा फोटो आला. हिरवंगार माळरान, मागे समुद्र आणि आबांच्या अंगात जाड स्वेटर. भर उन्हाळ्यात स्वेटर घातलंय म्हणजे ताप भरला असणार. लगेच फोन केला.

"आबा, तब्येत कशी आहे?"

"झकास शे."

"उन्हाचा फार त्रास होतोय का?"

"काय सांगू भाऊ, आठे ऊन रातले दहा वाजेपर्यंत शे."

मी खुर्चीत बसलो. रात्री दहापर्यंत ऊन. आपल्याकडे निदान सातला तरी सुटका होते. आणि तो माणूस मला झकास शे म्हणतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी विचारलं, "कूलर चालतोय ना?"

"फार कामना शे," आबा म्हणाले. कामाला येतोय म्हटल्यावर तेवढंच बरं वाटलं.

डिसेंबरात आम्ही निघालो. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि त्या वाऱ्याने पहिली माझी माकडटोपी नेली. मग मला न्यायला लागला. मालतीने माझा कोट धरला, पल्लवीने मालतीला धरलं, आणि गाडीपर्यंत आमची अशी वरात गेली. आयुष्यभर वारा विकला मी, पण एवढा माल एकदम कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवून जरा आडवा झालो. उठलो तर मिट्ट काळोख. म्हटलं, काय हा प्रवासाचा शीण, पहाट होईपर्यंत झोपलो. मोरीत जाऊन दात घासले, आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि मालतीला म्हटलं, "चहा टाक, उजाडेल आता."

"उजाडेल उद्या," ती म्हणाली. "संध्याकाळचे चार वाजलेत."

आणि सकाळ तरी कुठली? पल्लवी अंधारात कामाला जायची, अंधारात परत यायची. मधल्या वेळात सूर्य उंबऱ्यावर डोकावल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. समुद्र बघायला गेलो एकदा. दिसला नाही, नुसता ऐकू आला.

एका शनिवारी मी न राहवून विचारलं, "बेटा, आबा आले तेव्हा कसं होतं गं?"

"खूप छान. मी कामावरून आले की रोज आम्ही समुद्रावर जायचो. नऊ वाजता पण लख्ख उजेड. आबा वाळूत अनवाणी चालायचे. आईंनी तर अंगणात फुलं लावली."

"गरम होत नव्हतं?"

"गरम?" ती हसायला लागली. "बाबा, इथला उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी. त्यासाठी तर लोक वर्षभर थांबतात. तुम्ही तो आबांना देऊन टाकलात तेव्हा आम्ही दोघं रडलो होतो."

"मग कूलर कसा काय कामाला आला?"

तिने बोट दाखवलं. मागच्या दाराला टेकून उभा होता. वाऱ्याने दार आपटतं, म्हणून.

खरं सांगतो, वाईट वाटायचं ते वाटलं. ज्या संध्याकाळी मी लेकीसाठी राखून ठेवल्या होत्या, त्या मी स्वतःच्या हाताने सोनगीरला पाठवल्या होत्या. पण मग बाहेर जायची सोयच नसल्यामुळे ती कामावरून आली की माझ्याच रजईत पाय घालून बसायची, लहानपणीसारखी, आणि दिवसभराचं सगळं सांगायची. तो महिना मला फार आवडला. उन्हाळा मी घामाला घाबरून दिला होता, हे मात्र मी तिला बोललो नाही. बापाला थोडी अब्रू असते.

परत आलो तर आबांचं आमंत्रण. सोनगीरला मळ्यात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भावकीतले वीस-पंचवीस लोक. जेवायच्या आधी आबा उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली.

"मंडळी, यासले वळखा," आबा म्हणाले. "मुलाकडचा मान म्हणून यासनी चांगला उन्हाळा आमले दिना, आनि सोता थंडीमा गया. वरून आमना साठे कूलर दिना. असा व्याही कोठे भेटस आजकाल?"

बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मालती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आबा, तसं नाही हो, खरं सांगायचं तर मी आपला..."

"ऐका, अजून कबूल करत नहीत," आबा म्हणाले. लोक आणखी गहिवरले.

आणि मग आबांनी माझा हात धरला. "भाऊ, पोरं यंदा परत बलावतस. आते उन्हाळा तुमना. आमी हिवाळामा जासूत."

माझ्या छातीत असं काही उजळलं म्हणून सांगू. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. एवढ्या लोकांसमोर माणूस एकदम हो म्हणत नाही. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान हलवायची. मी म्हटलं, "छे, आबा, उन्हाळा तुमचाच."

"नही भाऊ, तुम्हीच जा."

"अहो, असं कसं? मान तुमचा."

आणि मी तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो. आबांनी डोळे पुसले, दोन्ही हात जोडले आणि खिशातून फोन काढून मुलाला लावला. "सांगी दे सूनबाईले, उन्हाळामा आमीच येसूत. भाऊ काय ऐकतस नही."

आमची तिकिटं डिसेंबरची आहेत. मालती माझ्याशी बोलते, पण फक्त आबांसमोर. आणि मी सध्या भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, दुकानाच्या बाहेर खुर्ची टाकून उन्हात बसतो. गिऱ्हाईक विचारतं, भाऊ, आत एवढे कूलर असताना इथे काय करताय?

मी सांगतो, साठवून ठेवतोय.