शहादेवच्या गाडीची मागची सीट

एष्टीतून रिटायर झालेला माणूस काय करतो, हे केजमध्ये ठरलेलं आहे. सकाळी पेपर, दुपारी झोप, आणि संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पीत "आमच्या टायमाला" सुरू. शहादेवनंही काही महिने हे करून बघितलं. मग एके दिवशी कप खाली ठेवून तो म्हणाला, "मी क्रूझर घ्यायची म्हणतोय."

झालं! सगळ्यांना वाटलं, आता हा प्यासिंजर भरणार. आमच्याकडं क्रूझर म्हणजे जीप, माणसांवर माणसं कोंबून पळणारी. "जल्मभर तेच केलंस, आता घरी बस की बे," तानाजी म्हणाला. तानाजी हा शहादेवचा शाळेपासूनचा दोस्त. शेतकरी गडी, आणि ज्यातलं काही कळत नाही त्यात सल्ला द्यायला सगळ्यात पुढं.

"जीप न्हाई रे. मोटारसायकल. बुटकी, लांबडी असती बघ, पाय पुढं टाकून बसायची."

त्यावर टपरीवर असा हशा पिकला की चहावाल्याचं दूध उतू गेलं. आणि हसू नये तर काय करावं लोकांनी? शहादेव आणि मोटारसायकल म्हटलं की केजमध्ये एकच गोष्ट आठवते. ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लग्नाची हळदसुद्धा अजून उतरली नव्हती. शहादेवकडं तेव्हा एक जुनी फटफटी होती. नव्या नवरीला, मनकर्णाला, मागं बसवून तो तिच्या माहेरी चकलांब्याला निघाला. स्वारी खुशीत! आपण एष्टीत लागणार, मग पोरंबाळं शिकवणार, असं काय काय सांगत चाललेला. मध्येच एक शेळी आडवी आली. त्यानं गचका देऊन गाडी सावरली आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. मागून हूं नाही की चूं नाही. त्याला वाटलं, लाजतेय बिचारी. पुढच्या गावात पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुनाशी बोलतोस रे बाबा?" तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं. बायको गायब! उलट्या पावली गेला, तर मनकर्णा बाभळीखाली मनगट धरून बसलेली आणि बाजूला तीच शेळी निवांत चरत होती.

हात मोडला होता. पुढं प्लास्टर निघालं, पण तिची शपथ काही सुटली नाही. "एष्टीत बसंन, बैलगाडीत बसंन, न्हाईतर पायी चालन. पर फटफटीवर तुमच्या मागं जल्मात न्हाई." गावाला काय, आयतंच सापडलं. शहादेवचं नाव पडलं, बायको सांडणारा. त्यानं गाडी विकली आणि एष्टीत ड्रायव्हर झाला. तिथं बरं आहे, म्हणायचा. माणसं आत हायेत का न्हाईत ते कंडक्टर बघतो, तो घंटी मारतो, मग आपण निघायचं.

लोक हसायचे, तोही त्यांच्यात हसायचा. पण आपल्या हातून बाई पडली आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे त्याला लई लागलेलं होतं. बरं, बाईनं भरवसा सोडला म्हणावं तर तसंही नाही. त्याच्याच एष्टीत ड्रायव्हरच्या मागं बसून ती सगळीकडं जायची. नारायणगडाच्या देवस्थानाच्या बाजूनं बस निघाली की विचारायची, "आवो, तिथं उतरून बघता येतं का?" आता ठरलेल्या थांब्याशिवाय एष्टी कशी थांबवणार? म्हणून रिटायर झाल्यावर शहादेवच्या मनात एकच होतं. मनकर्णाला मागं बसवायचं, निघायचं आणि ती म्हणेल तिथं थांबायचं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच नाही.

एका सकाळी दोघं मित्र बीडच्या शोरूममध्ये दाखल झाले. तानाजीनं आत पाय टाकल्या टाकल्या सगळ्यात उंच गाडीवर थाप मारली. "ही घे. घोडं कसं उंच पायजे." शहादेव चढला. पायांचे अंगठे टेकले, टाचा हवेत. एष्टीचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा आधीच कामातून गेलेला, तो लटपटला आणि गाडी कलंडली. तानाजीनं धरली म्हणून निभावलं. दुसरी गाडी धडधड वाजणारी, वजनदार. ती स्टँडवरून काढतानाच शहादेवची कंबर बोलली.

"अंगात रग असली तर हीच गाडी," तानाजी म्हणाला.

"आन् नसली तर?"

तानाजी लगेच पुढच्या गाडीवर थाप मारायला निघाला. तिथं आरोही म्हणून गाड्या दाखवणारी एक मुलगी होती, ती म्हणाली, "काका, बऱ्याच वर्षांनी चालवताय ना? मग दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. ही कोपऱ्यातली बघा."

ती क्रूझर. शहादेव बसला आणि त्याचा चेहराच बदलला. दोन्ही तळवे जमिनीवर, हँडल आपणहून हातात आलेलं, पाठ ताठ, पाय पुढं, गुडघ्याला काही त्रास नाही. "अगं माय, हे तर ड्रायव्हरचं शीट हाय!" तो ओरडलाच.

चक्कर मारायला आरोही मागं बसली. गाडी चालू केली, गिअर टाकला, आणि शहादेव जागचा हलेना. "काय झालं, काका?" ती म्हणाली. "घंटी..." असं म्हणून त्यानं जीभ चावली. आता बोला! पुढं डावीकडं वळायचं होतं, तर हा मागं लांबलचक बस असल्यासारखा आधी उजवीकडं गेला, तो थेट पेरूच्या गाड्यापर्यंत. "काका, मागं ट्रॉली लावलीय का?" पेरूवाल्यानं विचारलं. परत आला तेव्हा आरोहीचा चेहरा उतरलेला आणि शहादेव लहान पोरासारखा खुललेला.

मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. भाकरीएवढी सीट, तीही मागं उतरती. "हिच्यावर बाईमाणसाला एका अंगाला बसता येतं का?"

"अवघड आहे, काका," आरोही खरं तेच बोलली. "लांब, सपाट सीटची दुसरी आहे. पण तिच्यावर तुमचे पाय मुडपतील."

"वैनी बसणारच न्हाईत, तर मागच्या शीटची काळजी कावून करतो बे?" तानाजी म्हणाला. शहादेव सीटवरून नुसता हात फिरवत राहिला. तेव्हा कुठं तानाजीच्या डोक्यात उजेड पडला. "आरं, तू वैनीसाठी घ्यायलास व्हय!"

तानाजीच्या पोटात गोष्ट राहिली असं कधी झालंय का? संध्याकाळपर्यंत ती मनकर्णाच्या कानावर गेली. तिनं ऐकून घेतलं, भाकरी थापल्या, वाढल्या.  सकाळी शहादेव बघतो, तर ही चप्पल घालून दारात उभी. "चला. बघू तरी कसलं शीट हाय."

मनकर्णा नऊवारीतली बाई. रानात खुरपायला जाताना कासोटा घालायचा आणि गावाला निघताना तो सोडून गोल नेसायचं, ही आमच्याकडची रीत. तशीच ती शोरूममध्ये आली. एका अंगाला बसली आणि घसरली. पुन्हा बसली, पुन्हा घसरली. शहादेव पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे गं. दुसरी घेऊ, सपाट शीटची."

"आन् तुमचा गुडघा?" मनकर्णानं गाडीकडं बघितलं, मग आरोहीकडं. "बाई, तू कशी बसतीस?"

"दोन्हीकडं पाय टाकून, काकू."

"हां." असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. आली ती काय आली! कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, जशी काही आता कापूस वेचायला निघालीय. शोरूममधली सगळी माणसं बघायला लागली. आरोहीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं पाय पलीकडं टाकला आणि सीटवर ऐसपैस बसली. "आता कसं!" तानाजीनं टाळ्याच वाजवल्या.

हेल्मेट चढवून दोघं रस्त्याला लागले.  थोडं गेलं की शहादेव ओरडायचा, "हायस का गं?"

"हाय!"

चौक ओलांडला. "हायस का?"

"हाय म्हनलं की!"

पुलावर एक गचका बसला.  "मनकर्णा, हायस ना?"

"आवो, किती बारी इचारता? दोन्ही हातांनी धरलंय तुमाला, कळंना का?"

कळत होतं. पोटाभोवती तिची मिठी इतकी घट्ट होती की बांगड्या रुतत होत्या. मग मागून तिचा आवाज आला, जरा हळू. "त्या बारीला धरलंच न्हवतं. नवी नवरी व्हते. रस्त्यानं लोकं बघत्यात म्हणून लाजंनं तुमाला हात लावला न्हाई. तुमी न्हाई सांडलं मला."

शहादेवनं गाडी कडेला घेऊन उभी केली. त्याला पुढचं काही दिसतच नव्हतं. "मग येवढी वर्षं बोलली कावून न्हाईस?"

"लाज वाटली."

आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. कासोटा मारलेली बाई भर बीडमध्ये नवऱ्याला मिठी मारून बसली होती आणि नवरा हेल्मेटच्या आत रडत होता. मनकर्णानं हात सोडले नाहीत.

"बघत्यात तर बघू द्या," ती म्हणाली. "चला."