नवरदेवाआधी पोहोचलेली कॅसेट

चहा आधी संपवा. ऐकता ऐकता घोट घेतलात तर नाकातून येईल आणि शिव्या मला द्याल. तशाही द्यालच म्हणा, कारण एका चांगल्या घरच्या पोरीचं लग्न मी नवरदेवाशिवाय लावून टाकलं होतं. हो, मीच!

त्या वर्षांत आमचं परभणीचं कॉलेज आज बंद तर उद्या चालू. नामांतर व्हावं की नको यावर आमच्या गावातले म्हातारे पारावर बसून तावातावानं भांडायचे. त्यातल्या एकानंही विद्यापीठाचं फाटक पाहिलेलं नव्हतं! एक दिवस मी म्हणालो, "द्या की नाव. तुमच्या बापाचं काय जातं?" आता त्या घोळक्यात माझाही बाप बसलेला होता, त्याला मी काय करू? कॉलेज मी आधीच सोडलं होतं. त्या दिवशी घरानं मला सोडलं.

मग जिंतूरला मामाकडे आलो. मामाचा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा. माणूस अगदी त्याच्या भोंग्यासारखा, तोंड मोठं आणि आत नुसती हवा. पण त्यानं मला माईक दिला. "सोयऱ्याधायऱ्यांनो, मंडपात येऊन बसा," "मामा लोकांनी नवरीला घेऊन यावं," असलं बोलायचं. आणि काय सांगता, तालुकाभर माझ्या आवाजाला मागणी सुरू झाली! लोक म्हणायचे, त्या पोराशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत न्हाई.

अशात एकाच तिथीला तीन गावांत लग्नं आली. तिन्हीकडे मीच पाहिजे.

मामा म्हणाला, "आता तुझे तीन तुकडे करू का?"

"मी कशाला जातो? आवाज धाडू. आधीच कॅसेटात भरून ठिवायचा. तीन सेट, तीन कॅसेटा. ज्याच्या त्याच्या मंडपात तयार!"

"आधी भरून ठिवल्यानं फायदा होतो का पर?"

"फायदाच फायदा! ऐन टायमाला माणूस हुडकायचा न्हाई, घसा बसायचा न्हाई. बटन दाबलं की सुरू."

मामानं पानाची पिंक टाकली. "निभावलंस तर एक सेट तुझा. न्हाई निभावलंस तर गपगुमान घरी जायचं, बापाचे पाय धरायचे आन कॉलेजात बसायचं."

बापाचे पाय? त्यापेक्षा मी भोंग्याला लटकलो असतो! सामानाच्या खोलीत दार लावून बसलो आणि पत्रिकेतला मुहूर्त धरून सगळं रेकॉर्ड केलं. आधी स्वागत, मग सनई, मग नवरदेव आले, मग हार, मग अक्षदा. दुसऱ्या बाजूला जेवणाच्या पंगती. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे पत्रिकेतल्या मुहूर्ताची आणि लग्नाची कधी गाठ पडलीय? पण शहाण्याला विचारतो कोण!

चारठाण्याच्या सेटवर करीमभाई होते, मामाचे जुने माणूस. त्यांना मी बजावलं, "चाचा, वेळ झाली की बटन दाबायचं. मंग काही होवो, हात लावायचा न्हाई. एक बाजू संपली की पलटी करायची. बस!"

लग्नाच्या दिवशी मामाची फटफटी घेऊन मी साहेबासारखा पाहणीला निघालो. चारठाणं जवळ आलं तर रस्त्याच्या कडेला एक टेम्पो बंद पडलेला. त्यात वऱ्हाड. दगडावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घाम पुसत बसलेला. आणि तेवढ्यात वाऱ्यावरून माझा आवाज आला, खणखणीत.

"मंडळी, नवरदेव मंडपात आलेले आहेत! सर्वांनी जागेवर बसून घ्यावं!"

नवरदेव उठला. "काका, नवरदेव आला म्हनायलेत. मंग मी कोन हाय?"

त्याचा काका म्हणजे जरीचा फेटा, पिळाच्या मिशा आणि डोक्यात कापूस. "दुसरा उभा केला! आपल्याला जरा उशीर काय झाला, दुसरा उभा केला! चला रे माघारी!"

बायकांनी रडायला सुरुवात केली. बँडवाल्यानं पिपाणी पिशवीत घातली. मोडलं की हो लग्न! मी त्यांना आडवा झालो.

"ओ काका, थांबा! तो माझाच आवाज हाय. कॅसेट हाय ती!"

"तू कोन बे? तुझं तोंड तर हितं हाय!"

"तेच तर सांगायलोय! ऐका, आता ते म्हणतंय, 'मामा लोकांनी नवरीला घेऊन यावं.'"

भोंगा बोलला, "मामा लोकांनी नवरीला घेऊन यावं!"

सगळे गार. मला चेव आला. हात वर करून मी पुढचंही म्हणालो, "आता वधूवरांनी एकमेकांना हार घालावेत!"

"आता वधूवरांनी एकमेकांना हार घालावेत!"

काकाचे डोळे बाहेर आले. "आरं, मंग लागलं की लग्न! पळा!"

आणि अख्खं वऱ्हाड ढेकळं तुडवत पळत सुटलं. पुढे नवरदेव, मागे काका फेटा धरून, त्यांच्या मागे फटफटी विसरून मी. भोंगा आमच्या अंगावर अक्षदा टाकायला सांगत होता.

मंडपात पोहोचलो तर पंगत बसलेली! करीमभाईंनी इमानानं कॅसेट पलटी केली होती. लग्न लागलं नाही हे गावातल्या एकेका म्हाताऱ्याला दिसत होतं. पण माईकवर जेवा म्हटल्यावर डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो? बुंदीची परात खरवडून झाली होती.

"चाचा, बंद कामून केली न्हाई?"

"तूच बोल्या था ना, हात नक्को लगाना!"

व्यासपीठावर नवरी एकटीच, हार हातात घेऊन उभी. तिचा बाप खांब धरून खाली बसलेला. तिनं नवरदेवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा मेला आवाज मगाधरनं हार घाला, हार घाला करायलाय. कुनाला घालू? भोंग्याला?"

नवरदेव हसला. आधी तो, मग ती, मग काका, मग सगळा मंडप. मी खरा माईक हातात घेतला आणि डोळ्यांनी बघत, एकेक गोष्ट होईल तशी सांगत लग्न लावलं. जेवलेल्या मंडळींनीच बाह्या वर करून पुन्हा चुली पेटवल्या. वऱ्हाडाला गरम बुंदी मिळाली. असं लग्न गावात कुणाचं झालं नव्हतं!

संध्याकाळी जिंतूरला आलो ते कपड्यांची पिशवी भरायलाच. बापाचे पाय डोळ्यांसमोर दिसत होते. मामा दारात उभा. मी म्हणालो, "जातो मी."

"कुठं? सेट तुझा हाय."

"आँ?"

"बाकीच्या दोन गावांत कॅसेट ऐकून लोकांची अशी धांदल उडाली की लग्नं मुहूर्तावर लागली! आजवर कधी झालं होतं का? आन चारठाण्याच्या लग्नातले ते नवरदेवाचे काका माघारी जाताना आत्ताच येऊन गेले. धाकट्या पुतन्याच्या लग्नाला त्यांना तुझाच आवाज पाहिजे."

माझी छाती फुगली. "मंग? जातो की. कधी हाय लग्न?"

"तू न्हाई रे. कॅसेट. ते म्हनले, पोरगं आलं तर वर्‍हाडाला पळवतंय, कॅसेटच धाडा. तू आपला मंडपाच्या मागं बसून बटन दाब."