मधल्या शिवेवरचा गाडा

आमच्या वाडीला वेगळं व्हायचं होतं. कशासाठी, असं विचारलं तर प्रत्येक जण निराळं कारण सांगायचा, पण थोरल्या गावापासून सुटायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठावर आमची वाडी. ओढा ओलांडला की नवा लातूर जिल्हा. तो जिल्हा झाला तेव्हा पलीकडच्या गावाने गुलाल उधळला आणि वाऱ्याने थोडा आमच्या अंगावर आला, नव्या जिल्ह्याचा आम्हाला झालेला लाभ तेवढाच. पंचायत थोरल्या गावाशी एकत्र. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, एसटीचा थांबा तिकडे, आणि पाण्याचा टँकर रिकामा व्हायचा तोही तिकडच्याच विहिरीत. आमच्या वाट्याला घरपट्टी. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. ओढ्यापलीकडच्या जिल्ह्यात गेलो की सगळं सुरळीत होईल, असं लोकांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

या कामासाठी समिती नेमली होती आणि माझे वडील, आबा, तिचे पुढारी होते. बैठक आमच्याच ओसरीवर. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, म्हणून चहाचं खातं माझ्याकडे. बैठक म्हणजे चहा आणि चहा म्हणजे पाणी, आणि ते पाणी माय आणि मी थोरल्या गावाच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचो. माय चुलीपाशी बसून म्हणायची, "ह्यांना गावापसून सुटायचंय, पर चहा सुटंना."

समिती तहसीलला जायची, नांदेडला जायची, संध्याकाळी धुळीने पांढरी होऊन परत यायची. साहेब दौऱ्यावर होते. साहेब भेटले, पण प्रस्ताव विचाराधीन आहे. प्रस्ताव चांगला आहे, पण आधी थोरल्या गावाशी वाटण्या मिटवून या. सुरुवातीला चावडीपुढे ऐकायला माणूस मावत नसे. पुढे पुढे आबा आले तरी लोक सुपारी कातरायची थांबत नसत. वाटण्यांचं तर विचारूच नका. सतरंज्या, पेट्रोमॅक्स, लग्नातली मोठी कढई यांवरून भांडताना पावसाळा कोरडा गेला तरी कुणाला शुद्ध नव्हती. जे बाहेर पडा म्हणून ओरडले होते तेच आता आबांना शिव्या द्यायला लागले. एकाने तर तोंडावर सांगितलं, निघायचं म्हणून उठलात आणि उंबऱ्यातच बसलात, आता ना घरचे ना दारचे.

बौद्ध वस्तीतले मास्तर एकदा बैठकीला आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "आम्ही बाहेर पडलो तेव्हा कुणाला इचारलं नव्हतं. इचारलं असतं तर आजूक तिथंच असतो." सगळ्यांनी चहाच्या बशीत तोंडं घातली. एके काळी मरीआईचा गाडा ओढायचं काम गावाने त्यांच्याच माथी मारलेलं होतं. धम्म घेतल्यावर त्यांनी ते सोडलं, आणि तेव्हापासून तो कुणबी घरांतली पोरंच ओढत होती.

या गाड्याबद्दल सांगायला हवं. आषाढात आमच्या भागात मरीआईला गाड्यावर बसवून गावाबाहेर काढतात. गाडा लहानसा, बाभळीच्या चाकांचा. त्यावर लाकडी देवी, कवड्यांचे डोळे, हिरवी चोळी, आणि चारी खांबांना बांगड्यांच्या माळा. रोगराई, दुष्काळ, जे काही वाईट असेल ते ती बरोबर घेऊन जाते. गाडा शिवेवर सोडायचा, मागे वळून बघायचं नाही. पुढच्या गावाने तिची ओटी भरायची, तिला आत घ्यायचं आणि आपल्या पुढच्या शिवेपर्यंत पोचवायचं. आमची वाडी आणि थोरलं गाव एकच धरलेलं असल्यामुळे गाडा तिथून निघून वाडीतून जायचा आणि ओढ्यावर थांबायचा. ओढ्यापलीकडचं गाव तो घ्यायचं. असं पिढ्यानपिढ्या चाललेलं.

त्या आषाढात थोरल्या गावाने गाडा ओढ्यापर्यंत आणलाच नाही. दोन्ही गावांच्या मधल्या बांधावर, बाभळीखाली सोडला आणि हलगीवाल्याबरोबर निरोप धाडला: तुम्ही वेगळे ना, मग शिव इथंच. देवी तुमच्या शिवेवर हाय, ओटी भरा आणि घ्या.

समिती कात्रीत सापडली. गाडा घ्यावा, तर आपण वेगळे आहोत हे थोरल्या गावाने स्वतःच कबूल केल्यासारखं होतं, म्हणजे समितीला हवं होतं तेच. पण ओढ्यापलीकडचं गाव म्हणालं, आम्ही वर्षानुवर्षं थोरल्या गावाची देवी घेतो, तुम्ही कोण? कागद होऊ द्या, आमच्या जिल्ह्यात या, मग बघू. म्हणजे घेतलेला गाडा वाडीतच अडकणार, थोरल्या गावाचा दुष्काळ अधिक आपला. आणि न घ्यावा, तर आपण अजून थोरल्या गावातलेच. आषाढ गेला, श्रावण गेला, ओसरीवर हाच फैसला चालू राहिला. गाडा बाभळीखाली उभा.

आमच्या घरात मात्र प्रश्न कढईचा नव्हता की जिल्ह्याचा नव्हता. माझी आक्का थोरल्या गावात दिलेली. तिला सातवा लागला होता. तिचं पहिलं बाळ सासरीच झालं होतं आणि सहा दिवसांचं होऊन गेलं. या खेपेला बाळंतपण माहेरीच करायचं, असं मायने नवस बोलल्यासारखं ठरवलेलं. पण मरीआई शिवेवर बसलेली असताना पोटुशी बाई शिव ओलांडत नाही. आक्काच्या सासूने स्पष्ट सांगितलं, आधी गाडा हलवा, मग लेक न्या. भावजी दूर रोजगार हमीच्या रस्त्यावर होते. माय रोज आबांना विचारायची, आणि आबा रोज म्हणायचे, दोन दिवस थांब, फैसला होऊ दे. मला आबांचा त्या दिवसांत इतका राग यायचा की चहात साखर टाकायला मी मुद्दाम विसरायचे.

जनावरं छावणीला गेलेली. घुंगरांचा, हंबरण्याचा आवाज नसलेलं गाव कसं असतं हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. दुपारी तर माणसांचाही आवाज नसायचा. दारं लोटून सगळे पडलेले, आणि वारा नसताना गाड्यावरच्या बांगड्या वाजायच्या. आधी वाटायचं मलाच ऐकू येतंय. मग पाहिलं, की आवाज आला की माय पण मान वर करते.

मग एक दिवस गाडा बाभळीखाली नव्हता. पडीक शेतात, अलीकडे उभा होता. तोंड वाडीकडे. लोक म्हणाले, थोरल्या गावच्या पोरांचा चावटपणा. मलाही तसंच वाटलं. समितीने दोन तरणे गडी राखणीला बसवले. सकाळभर ते लांब बांधावर बसून राहिले, गाडा जागचा हलला नाही. दुपारी भाकरी खायला घरी आले, परत जाऊन बघतात तर तो कोरड्या विहिरीपाशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी बांधून नेली. त्या दिवशी गाडा हलला नाही. पण संध्याकाळी दोघं परत आले ते एकमेकांशी बोलत नव्हते, आणि काय झालं हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. एकाने तर पुढे गावच सोडलं. त्यानंतर राखणीला कुणी बसलं नाही. चाकोरी दिसते का म्हणून मी स्वतः एकदा लांबून बघून आले. भेगाळलेली जमीन, वर धूळ, आणि धुळीवर वावटळीने फिरवलेला हात. गाडा आदल्या दिवसापेक्षा जवळ होता, एवढं मात्र खरं. कवड्या उन्हात पांढऱ्याफटक दिसत होत्या आणि मी कुठेही उभी राहिले तरी माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. मी पळत घरी आले. मॅट्रिक झालेली होते तरी.

पुढे एका दुपारी ओसरीवर बैठक भरली होती. गाडा आता आमच्या खळ्याच्या कडेला येऊन ठेपला होता आणि त्यामुळे शिव नेमकी कुठे धरायची यावर वाद चालू होता. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. आबा म्हणाले, नांदेडहून उत्तर येईस्तोवर कुणी हात लावू नये. मायने पदर खोचला, माझा हात धरला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. कुठे, असं मी विचारलं तर म्हणाली, आक्काला आणायला.

खळ्यापाशी पोचलो तर गाड्यामागे कुणीतरी वाकून उभं होतं. हिरवं लुगडं, मोकळे केस. मी मायच्या मागे सरले. मग तिने मान वर केली, आणि ती आक्का होती. तोंड लालबुंद, ओठ फुटलेले, पोट पदराखाली पुढे आलेलं, दोन्ही हात गाड्याच्या दांडीवर. सासरचे निजलेत हे पाहून एकटी निघून आली होती. कुणी हलवत नाही म्हणून आता स्वतःच ढकलत होती.

"माय," ती म्हणाली, "मला घरी ने."

मायने तिच्याकडे एकदाच पाहिलं. रडली नाही, काही विचारलंही नाही. म्हणाली, "आधी हिला फुडं काढू. मंग तू घरात." आणि पुढे होऊन दोरी खांद्यावर घेतली. आक्काला मी बाजूला बस म्हणाले, पण ती दांडी सोडायलाच तयार नव्हती. माय पुढून, आक्का मागून, मी बाजूने. हलगी नाही, नारळ नाही. भर उन्हात वाडीच्या एकुलत्या रस्त्याने आम्ही मरीआई ओढत निघालो. बांगड्या खणखणत होत्या आणि आवाज जसजसा पुढे जाईल तसतशी पुढच्या घरांची दारं लागत होती. आमच्या ओसरीपुढून गेलो तेव्हा समिती अजून बसलेली होती. सगळ्यांनी पाय वर घेतले. आबा उठून उभे राहिले, त्यांचा हात टोपीकडे गेला. मायने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

ओढ्याच्या कोरड्या वाळूत गाडा सोडला आणि मागे न बघता परतलो. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. पलीकडच्या गावाने नेला असेल. त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, आणि तेही कधी त्याबद्दल बोलले नाहीत. समितीची ती शेवटची बैठक ठरली. वाडी आजही नांदेड जिल्ह्यातच आहे, थोरल्या गावाच्या पंचायतीत.

आक्काला मुलगी झाली. चांगली धट्टीकट्टी, रडून वाडी डोक्यावर घेणारी. बारशाच्या आदल्या दुपारी माय तिला पायांवर घेऊन तेल लावत होती, आक्का शेक घेत बाजेवर पडली होती, मी उंबऱ्यात बसले होते. सगळं मनासारखं झालं होतं, आणि अशा वेळी माणूस उगाच मागचं काढतो. आक्का म्हणाली, "माय, तू लई सोसलंस गं. रोज दुपारी उन्हात एकटीनं गाडा वढायचीस, माज्यासाठी."

मायचा तेलाचा हात थांबला. "मी?"

"मंग कोन? मी आले तवा गाडा खळ्यापशी आलता. मी त्याच दिवशी हात लावला, तू यायच्या जराच आधी."

"मी बी त्याच दिवशी," माय म्हणाली. "मला वाटलं, तूच ढकलून राहिलीस."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

मायने तेलाची वाटी बाजूला सारली. मग हळूच बोलली, कुणाशी ते कळलं नाही. "तिला बी घरात यायचं व्हतं. लोकांनी शिवेवर ठिवली, ती आपली आपन चालत दारापत्तुर आली. आन् मी माजी लेक आत घेन्यासाठी तिला वढ्यात टाकून आले. ओटी बी भरली न्हाई."

तिने बाळाला उचलून पदराखाली छातीशी धरलं आणि दाराकडे बघत राहिली. बाहेर ऊन होतं, रस्ता रिकामा होता. मी दार लावायला उठले.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "उघडंच ऱ्हाऊ दे."