बियाला ठेवलेला दोडका

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या ह्यांना तिथल्या कचेरीत नोकरी लागली. क्वार्टर मिळायचं होतं, म्हणून मी मुरुडजवळच्या गावी सासूपाशी राहिले. हे शनिवारी एसटीनं यायचे, नव्या जिल्ह्याच्या बाता मारायचे आणि सोमवारी पहाटे पसार. मला पाचवा महिना लागलेला, आणि बाहेर दुष्काळ. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. बोलायला महाकंजूष. परसात मात्र त्यांच्या हाताला लई यश. वांगी, मिरच्या, शेपू, वाल, सगळं घरचं. भाजीसाठी बाजारात जायची गरज नाही. त्या साली सगळं करपून गेलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोडक्याचा एक वेल तेवढा कुडावर तगला होता.

त्या दिवसांत मला सारखी गुंगी असायची. दिवस कलला की मी न्हाणीच्या दगडावर जाऊन बसायचे. त्या वेळी वेलाची पिवळी फुलं उमलत आणि मंद वास येई. वाटायचं, आपण दगडावर बसलेलोच नाही, पाण्यावर तरंगतोय. पोटातलं बाळही तसंच तरंगत असेल. समोरच्या उजाड रानावर पिवळा उजेड पसरायचा. तेवढ्यापुरता दुष्काळ खरा वाटायचा नाही.

फुलं गळून जायची. एकच दोडका टिकला, आणि आत्याबाईंनी त्याला चिंधी बांधली. चिंधी बांधली म्हणजे तो बियाला ठेवला, कुणी हात लावायचा नाही. गावात दुसरा वेल राहिला नव्हता. हा गेला असता तर वाणच संपलं असतं. आणि माझे डोहाळे नेमके तिथंच अडले. मला दोडका खायचा होता, दुसरं काही म्हणजे काही नको. स्वप्नात मी तो कच्चाच खायचे.

एकदा बोलून दाखवलंच.

"बियाचा हाय गं त्यो," आत्याबाई म्हणाल्या.

"पोटुशीपेक्षा बी मोठं झालं का?" मी फणकारले.

माझं डोकं असं, एकदा फिरलं की फिरलं. भाकरी तशीच ठेवून उठले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. परसात गेले तर आत्याबाई वेलापाशी उकिडव्या बसलेल्या. दोडका वेलावरच होता, पण त्याच्या अंगावरच्या शिरा गायब. न तोडता, तळहातावर धरून, त्यांनी चाकूनं नुसत्या शिरा अलगद काढल्या होत्या. आता त्या ओल्या जागांना चुलीतली राख लावत होत्या.

"आता ह्यो जगंल का?" मी विचारलं.

"बघू."

मग त्या शिरा तव्यावर कुरकुरीत झाल्या. त्यात तीळ, लसूण, दाण्याचा कूट. चटणी झाली मूठभर, ती सगळी माझ्या ताटात. मी डोळे मिटून खाल्ली, सुखानं अंग जड झालं. तरी मनात खुपत राहिलं, की दोडका वाणाला आणि मला सालपटं.

पुढं रोज सकाळी आम्ही दोघी आधी दोडका बघायला जायचो. एका बाजूनं तो काळा पडला. माझ्या हट्टापायी गेला तर? पण तो तसाच लटकत राहिला, हळूहळू वाळला. हलवला की आत बिया खुळखुळायच्या.

सातव्या महिन्यात भाऊ मला माहेरी न्यायला आला. तोवर क्वार्टर मिळालं होतं. बाळंतपण झालं की तिकडूनच लातूरला जायचं ठरलं. निघायच्या वेळी आत्याबाईंनी दोडका फोडला. एका बाजूच्या बिया पोचट, बाकीच्या काळ्याभोर. त्या सगळ्या फडक्यात बांधून त्यांनी माझ्या ओटीत घातल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला एकटीला काय करायचंय? तिथं शहरात तुला कोण देणार हाय दोडका. तुझ्यासाठीच ठिवला व्हता."

"मग आधी का न्हाई बोललात?"

"बोलले असते तर म्हणली असतीस, माझाच हाय न्हवं, आत्ताच खाते."

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. दोन महिने मी ज्या दोडक्याचा हेवा केला, तो माझ्यासाठीच राखलेला होता.