मन्नाएखेळ्ळीची अणुभट्टी

मन्नाएखेळ्ळीला अणुभट्टी होती असं मी सांगते तेव्हा माझी मुलं हसतात. पण कागदावर होती. मीच टाइप केली होती.

बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीच्या वीज उपकेंद्रात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मी तेविशीची होते. औरादची पोर, वडील शाळेत शिपाई, आणि आमच्या अख्ख्या गल्लीत इंग्रजी टायपिंग पास झालेली पहिलीच. आम्ही बौद्ध. रुजू व्हायला गेले त्या दिवशी स्टोअरकीपरनं माझ्या कागदांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "आता काय, तुमच्या लोकांचंच राज्य." राज्य म्हणजे कंट्रोल रूमच्या मागची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, कारण ती मुळात जुन्या फायली ठेवायला बांधली होती आणि फायलींना वारा लागत नाही. फायली तशाच ठेवून मधे एक टेबल घातलं, त्यावर टाइपरायटर ठेवला आणि त्याच्यापुढे मला ठेवलं. बाहेर पडायचं तर कंट्रोल रूममधून, पॅनेलांच्या मागून वळसा घेऊनच पडावं लागे.

उपकेंद्र हमरस्त्याच्या कडेला, ज्वारीच्या आणि तुरीच्या शेतांमध्ये होतं. तारेच्या कुंपणाच्या आत ट्रान्स्फॉर्मर घूं घूं करत उभे आणि त्यांच्या पायाशी गावातल्या शेळ्या चरत. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर अण्णांची ड्यूटी असे. अण्णा मादन हिप्परग्याचे. घरी कानडी बोलत, शाळा निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दूत झालेली, माझ्याशी मराठी, आणि फीडर ट्रिप होऊन लाइन बंद पडली की शिव्या दखनीत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "अक्का", म्हणजे ताई, म्हणत.

आमचे साहेब मात्र लांब दक्षिणेकडचे. बिदर जिल्ह्यात बदली म्हणजे त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा वाटे. इथलं ऊन वाईट, इथली भाकरी वाईट, इथली कानडी तर सगळ्यात वाईट. आपल्याविरुद्ध वर काही लिहिलं जाऊ नये आणि गावाकडे बदली मिळावी, एवढाच त्यांचा जप. त्यासाठी ते कोणताही कागद परत पाठवत नसत आणि कोणताही प्रश्न विचारत नसत.

एके दिवशी टपालानं एक जाडजूड पाकीट आलं. वरच्या पत्रात दोनच ओळी होत्या: सोबतचे नियम सर्व स्टेशनप्रमुखांनी अमलात आणावेत आणि कलमवार अहवाल पाठवावा. खाली सायक्लोस्टाइल केलेला गठ्ठा. मी वाचायला घेतला. पहिल्याच पानावर अणुभट्टी. अणुवीज केंद्रात आगीपासून बचाव कसा करावा आणि आणीबाणीचे दिवे कुठे कुठे लावावेत, याचे ते नियम होते. वरच्या कुठल्यातरी ऑफिसात स्टेशनांच्या यादीत सबस्टेशनं घुसली असणार. मी स्वतः टायपिस्ट, हे कसं घडतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

गठ्ठा घेऊन मी साहेबांकडे गेले.

"साहेब, हे आपल्यासाठी नाही. हे अणुवीज केंद्राचं आहे."

साहेबांनी वरचं पत्र पाहिलं. "पाकिटावर पत्ता कुणाचा आहे?"

"आपला."

"मग आपल्यासाठी आहे."

"एकदा वर विचारून घेऊ या का?"

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच आग लावायला आले होते. "विचारलं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं होतं. अहवाल तयार करा."

मी अहवाल तयार केला. कलमापुढे "लागू नाही", त्याच्या खालच्या कलमापुढे "लागू नाही", अशी चार पानं. साहेबांनी लाल शाईनं सगळ्यांवर काट मारली. "लागू नाही म्हटलं की का लागू नाही हे विचारतात. 'काम चालू आहे' लिहा. काम चालू असलं की कुणी विचारत नाही."

तेव्हा मी लिहिलं: अणुभट्टीच्या इमारतीत तीन तास आग अडवून धरणाऱ्या भिंती, काम चालू आहे. भट्टी सुरक्षितपणे बंद करायच्या दोन स्वतंत्र व्यवस्था, काम चालू आहे. एका व्यवस्थेच्या केबल दुसरीपासून वेगळ्या नेणे, काम चालू आहे. दर तिमाहीला मी हेच टाइप करी आणि वरून पोच येई. बाहेर शेळ्या चरत होत्या आणि आत माझ्या हातून अणुभट्टी उभी राहत होती.

अण्णांनी एकदा विचारलं, "अक्का, दिवसभर काय टाइप करायलाव एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "म्हंजे आपल्याकडं भट्टी हाय? मी इतकी वर्सं हितं हाय, मला दिसली न्हाई."

"काम चालू आहे, अण्णा."

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "त्यात लिवलंय तरी काय, वाचा की जरा."

मग जेवणाच्या सुट्टीत मी तो गठ्ठा आमच्या मराठीत सांगायला लागले. अण्णा डबा खात ऐकत. भट्टीचं त्यांनी सोडून दिलं. पण दिव्यांचं कलम त्यांनी दोनदा ऐकलं. ज्या माणसाला यंत्र बंद करायचं आहे, त्याला तिथपर्यंत जायचा आणि तिथून बाहेर यायचा रस्ता दिसला पाहिजे. त्या रस्त्यावर बॅटरीचा दिवा हवा आणि तो आठ तास जळला पाहिजे.

"ह्ये ज्यानं लिवलं," अण्णा म्हणाले, "त्यानं धुरात अडकल्यालं माणूस बघितलंय. उगं न्हाई लिवलं."

साहेबांनीही दिव्यांचं कलम मनावर घेतलं, कारण दिवे दाखवता येतात. बॅटरीवर चालणारे दोन दिवे मागवले. एक साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या वर भिंतीला लावला. दुसरा स्टोअरच्या कपाटात कुलपात गेला, कारण बाहेर ठेवला तर चोरीला जाईल. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर राहायला बिदरला. अण्णांनी कंट्रोल रूमसाठी एक मागितला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही लोक त्याच्या उजेडात पत्ते खेळाल."

लाल रंगाच्या बादल्या आल्या. त्यांत वाळू भरली. महिन्याभरात त्यांत विड्यांची थोटकं आणि पानाच्या पिचकाऱ्या जमल्या. एका बादलीत शिपायानं कोथिंबीर पेरली. चांगली आली, साहेबांच्या घरीही गेली. आग लागल्यास कुणी काय करायचं याचा तक्ता मी तीन भाषांत टाइप करून भिंतीवर लावला. ऑपरेटरनं वीज तोडायची आणि वाळू टाकायची. टायपिस्टनं महत्त्वाचे कागद वाचवायचे. साहेबांनी बाहेरून देखरेख करायची.

अण्णांनी मात्र आपल्या परीनं काम सुरू केलं. कंट्रोल रूममध्ये स्टेशनच्या बॅटरीवर चालणारा एक दिवा मुळातच होता, पण त्याचा बल्ब कित्येक वर्षं गेलेला. तीनदा लेखी मागूनही आला नव्हता. अण्णांनी बिदरच्या ओळखीच्या माणसाकडून तो आणला आणि पॅनेलांच्या मागे, माझ्या खोलीच्या दाराजवळ वायर ओढून लावला. मग डबाभर चुना कालवला आणि माझ्या दारापासून पॅनेलांच्या मागून बाहेरच्या दारापर्यंत जमिनीवर हातभर रुंद पांढरा पट्टा ओढला. दोन बादल्यांतली थोटकं काढून टाकली आणि त्या दोन्ही, पॅनेलांखालून केबल गेलेल्या चरीपाशी आणून ठेवल्या.

साहेबांनी पट्टा पाहिला. "हे काय? इथे लग्न आहे का?"

"न्हाई साहेब, नियम हाय," अण्णा म्हणाले.

तपासणीला वरचे एक अधिकारी आले. साहेबांनी त्यांना केबिनमधला दिवा दाखवला. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं. दिवा लागला नाही. आल्यापासून तो कुणी चार्जच केला नव्हता. मला वाटलं, आता साहेबांचं काही खरं नाही. पण साहेब शांतपणे म्हणाले, "सर, हा फक्त आणीबाणीतच लागतो." अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि शेऱ्यात "समाधानकारक" लिहिलं. तो शेराही मीच टाइप केला.

त्याच उन्हाळ्यात आग लागली. केबलच्या चरीतून जळका वास येतो असं अण्णांनी लॉगबुकात पाच-सहा वेळा लिहिलं होतं आणि साहेबांनी प्रत्येक नोंदीखाली सही केली होती. दुपारी तीनचा सुमार. उन्हाची झळ नको म्हणून साहेबांनी कंट्रोल रूमच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकून घेतलेलं. मी तिमाही अहवालाच्या मधोमध होते. एकदम मोठा आवाज झाला आणि दिवे गेले. दाराच्या फटीतून धूर आत आला, काळा, रबराच्या वासाचा. मी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. भर दुपारी माझा स्वतःचा हात मला दिसेना. रोज चार वेळा ज्या वाटेनं जात होते, ती कुठल्या बाजूला आहे तेच आठवेना. पॅनेलचा कोपरा कपाळाला लागला. श्वास घेतला की खोकला, खोकला की पुन्हा धूर. मला आईची आठवण वगैरे आली नाही. मनात एकच आलं, की या फायलींच्या खोलीत मी फायलीसारखी जळणार.

मग अण्णांचा आवाज आला. रोजचं "तुमी" गेलेलं होतं.

"अक्का! खाली बस! उभी राहू नको! चुन्यावरनं ये, चुन्यावरनं!"

मी खाली बसले. जमिनीपाशी धूर पातळ होता. मागे अण्णांचा बल्ब पिवळा जळत होता आणि त्या उजेडात पांढरा पट्टा दिसला. मी गुडघ्यांवर रांगत निघाले. वाटेत अण्णांच्या पायांना धडकले. ते चरीवर बादली उपडी करत होते. "थांबू नको, जा!" म्हणाले. मी गेले.

बाहेर ऊन होतं. कडुनिंबाच्या झाडाखाली साहेब देखरेख करत उभे होते. स्टोअरमधला दिवा आणा म्हणून ते ओरडत होते आणि शिपाई सांगत होता की किल्ली बिदरला आहे, स्टोअरकीपर लग्नाला गेलाय. मी खोकत खाली बसले तेव्हा कळलं की माझ्या छातीशी कागद घट्ट धरलेले आहेत. पाहिलं तर तिमाही अहवाल. तक्त्याप्रमाणे मी महत्त्वाचे कागद वाचवले होते.

अण्णा बऱ्याच वेळानं बाहेर आले. आधी त्यांनी वीज तोडली, मग बिदरला फोन केला, मग दोन्ही बादल्यांनी आग दाबली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. कोथिंबिरीची बादली शिपायानं बाहेरूनच आणून टाकली, तीही कामाला आली.

चौकशी झाली. साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं की नियमांचं काटेकोर पालन केल्यामुळे मोठा अनर्थ टळला. वरून त्यांचं कौतुक आलं. पण चौकशीत चुन्याचा पट्टा आणि जास्तीची वायर यांचीही नोंद झाली होती, तेव्हा कुणाला तरी मेमो देणं भाग होतं. मेमो अण्णांच्या नावे निघाला: परवानगीशिवाय सरकारी जमिनीवर रंगकाम आणि परवानगीशिवाय वायरिंग केल्याबद्दल खुलासा करावा.

तो मेमो मी टाइप केला. एकही चूक न करता केला, हे मला आजही खुपतं. कागदाला हात लावायला नकार देता आला असता. बोटं नेहमीच्या वेगानं चालली.

अण्णा दवाखान्यातून पट्टी बांधून आले तेव्हा मेमो मीच वाचून दाखवला.

"अण्णा, राग येईना का तुम्हाला?"

"कामून यावा? साहेबाला कुणाचं तरी नाव घालायचं व्हतं. माजं जवळ व्हतं." मग म्हणाले, "पर खुलासा तू लिव. इंग्रजीत लिव. कडक लिव."

मी लिहिला. बाहेर पडायच्या वाटेवर बॅटरीचा दिवा हवा हे कलम शब्दशः घातलं, क्रमांकासकट. बल्बच्या तीन मागण्यांचा उल्लेख घातला, लॉगबुकातल्या नोंदी आणि त्यांखालच्या सह्या घातल्या. अण्णांनी डाव्या हातानं उर्दूत सही केली, वेडीवाकडी. साहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे पुढे जाणार नाही," ते म्हणाले.

"साहेब, एक प्रत सकाळीच पोस्टात टाकली."

साहेबांनी मला त्या क्षणी काढून टाकलं असतं, पण त्यासाठी त्यांना वर लिहावं लागलं असतं.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. एक ओळ: प्रकरण बंद करण्यात येत आहे. शाबासकी नव्हती, माफीही नव्हती. साहेबांची बदली त्यांच्या गावाजवळ झाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी आगीशी आपण कसे झुंजलो ते सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा दोन वर्षांनी निवृत्त झाले.

पुढे एकदा मी आणि माझे यजमान त्यांना भेटायला मादन हिप्परग्याला गेलो. अण्णांची उजवी बोटं आता पुरती मिटत नव्हती, चहाचा कप ते डाव्या हातानं धरत. सुनेनं जेवायला वाढलं. घर आतून अंधारं होतं म्हणून आम्ही अंगणात बसलो. मी विचारलं, "वीज गेलीय का?"

"आली कधी?" अण्णा म्हणाले. विजेचा खांब त्यांच्या दारासमोर उभा होता. तार गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली होती. उभं आयुष्य जिल्ह्याला वीज पुरवणाऱ्या माणसाच्या घरी वीज नव्हती. दोन अर्ज करून झाले होते, आणि तिसरा कुणाकडे करायचा हे त्यांना कळत नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं, त्यांच्या सुनेकडून वहीचा कागद मागून घेतला आणि तिथंच अर्ज लिहायला बसले.